ब्लू लाइनवरची चेरी

मे महिना अर्धा सरला की आपल्या डब्लिनमध्ये दोन गोष्टी ठरलेल्या असतात. कुणाचे ना कुणाचे आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी येऊन दाखल झालेले असतात, आणि मेमोरियल डेच्या लाँग वीकेंडला ब्रेंटवुडला चेरी तोडायला जायचा बेत शिजत असतो. सकाळी लवकर निघायचं, वास्को रोडवरून डोंगरावरच्या पवनचक्क्या बाबांना दाखवायच्या, बादल्या घेऊन झाडांत शिरायचं, जितक्या चेरी बादलीत तितक्याच पोटात, आणि परतताना ट्रंकमध्ये दहा पौंडांची खोकी. आता एवढ्या चेरीचं करायचं काय, असा विचार चालू असतानाच फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड येतो: चेरी खा, युरिक अ‍ॅसिड पळवा, गाउटच्या गोळ्या कायमच्या बंद करा. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

या फॉरवर्डचा पहिला भाग अगदीच थाप नाही. शेवटचा भाग मात्र धोक्याचा आहे, कारण तो वाचून खरोखर गोळी बंद करणारे लोक असतात, आणि त्यातले बरेचसे आपल्याच घरी पाहुणे म्हणून आलेले असतात. म्हणून आज चेरीचा माग काढू. ती इथे आली कशी, आणि फळ म्हणून खाल्ली जाणारी चेरी औषध कधी झाली.

तुम्ही बार्टने सिटीत जात असाल तर या गोष्टीचा पूर्वार्ध रोज तुमच्या खिडकीबाहेरून जातो. डब्लिनहून ब्लू लाइन सुटली की कॅस्ट्रो व्हॅली, बे फेअर, सॅन लिआंड्रो, कोलिसियम आणि मग फ्रूटव्हेल. नाव फ्रूटव्हेल, आणि बाहेर नजर टाकली तर फळाचं एक झाड दिसत नाही. पण ते नाव उगाच पडलेलं नाही.

१८४७ साली हेंडरसन ल्युएलिंग नावाचा एक गृहस्थ आयोवातल्या सेलम गावाहून ओरेगनला निघाला. हा क्वेकर पंथाचा, गुलामगिरीचा कडवा विरोधक. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना त्याच्या सेलमच्या दगडी घरात आसरा मिळायचा. त्या काळी पश्चिमेला जाणारी माणसं गाडीत पीठ, बंदुका, भांडीकुंडी भरत. ह्याने गाड्यांत माती आणि कोळशाची पूड भरली आणि त्यात सातशेच्या आसपास कलमं लावली. सफरचंद, नासपती, प्लम, चेरी. मातीने भरलेली गाडी ओढताना बैलांची काय अवस्था होत असेल याची कल्पना करा. सोबतचे लोक म्हणत होते, टाकून दे हे ओझं. तो वाटेत रोज झाडांना पाणी घालत राहिला. साधारण निम्मी कलमं जगली, आणि पॅसिफिक किनाऱ्यावरच्या फळबागांच्या धंद्याची सुरुवात त्या निम्म्यांतून झाली. ओरेगनमधल्या मिलवॉकी गावात त्याने विल्यम मीक या भागीदाराबरोबर रोपवाटिका काढली. पुढे मीक त्याचा जावईही झाला.

मग सोन्याची लाट आली आणि सॅन फ्रान्सिस्कोत सोन्यापेक्षा ताज्या फळाची टंचाई जास्त जाणवू लागली. १८५०च्या दशकात हेंडरसन कॅलिफोर्नियात उतरला, आजच्या ओकलंडच्या पूर्व भागात जमीन घेतली, चेरीच्या बागा लावल्या आणि त्या जागेला नाव दिलं फ्रूट व्हेल. त्याचा भाऊ जॉन सॅन लोरेंझोला स्थिरावला, तिथल्या ल्युएलिंग बुलेवार्डला त्याचं आडनाव आहे. मीकही मागोमाग आला. त्याचा १८६९चा वाडा हेवर्डजवळ अजून उभा आहे, आणि त्या वाड्याच्या आसपासच्या वस्तीला आजही चेरीलँड म्हणतात. सॅन लिआंड्रोने तर १९०९ पासून चेरी फेस्टिव्हल सुरू केला. म्हणजे आपली अर्धी ब्लू लाइन जुन्या चेरीच्या बागांमधून जाते. (हेंडरसनचं पुढचं आयुष्य हा वेगळ्याच कार्यक्रमाचा विषय आहे. १८५९ मध्ये तो सगळा पसारा आवरून होंडुरासमध्ये आदर्श वसाहत स्थापायला गेला, तिथे सपशेल फसला आणि परत आला. स्टार्टअप काही हल्लीचे नाहीत.)

हेंडरसनचा तिसरा भाऊ सेथ मिलवॉकीतच राहिला, आणि आपण आज जी गडद लाल, जवळजवळ काळी चेरी खातो ती त्याच्या बागेतली. सेथही भावासारखाच गुलामगिरीविरोधी. शेजारी त्याला चिडवायला ‘ब्लॅक रिपब्लिकन’ म्हणायचे, म्हणून त्याने मुद्दाम आपल्या एका नव्या चेरीचं नाव ‘ब्लॅक रिपब्लिकन’ ठेवलं. मला चिडवताय ना, मग आता तेच नाव घेऊन माझी चेरी विकत घ्या. १८७५ साली त्या चेरीच्या बीपासून आणखी एक वाण निघालं, आधीच्यापेक्षा मोठं, टणक आणि गोड. त्याला नाव मिळालं बागेतल्या चिनी मुकादमाचं, आह बिंगचं. तीच ही बिंग चेरी.

बिंगबद्दल लेखी पुरावा थोडाच आहे, बराचसा ल्युएलिंग कुटुंबाच्या आठवणींतून आलेला. उंच, धिप्पाड माणूस, चीनमध्ये बायको-मुलं, इथून पैसे पाठवायचा. अनेक वर्षं काम केल्यावर १८८९च्या सुमारास तो घरच्यांना भेटायला चीनला गेला आणि त्याला परत येता आलं नाही. त्यामागे काय झालं ते ऐका. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत नव्याने येण्याची बंदी झाली होती, पण जे आधीपासून इथे होते त्यांना मायदेशी जाऊन येण्यासाठी परतीचा दाखला मिळायचा. १ ऑक्टोबर १८८८ रोजी स्कॉट कायदा आला आणि ते दाखले एका दिवसात रद्द झाले. सुमारे वीस हजार माणसं हातात सरकारी कागद असून बाहेर अडकली. चे चान पिंग नावाचा सॅन फ्रान्सिस्कोचा एक कामगार तर त्या दिवशी बोटीवर होता. ८ ऑक्टोबरला बोट बंदराला लागली, तोपर्यंत त्याचा दाखला रद्दी झाला होता. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १८८९ मध्ये हरला.

स्टॅम्पिंगसाठी मुंबईला जाऊन पासपोर्टची वाट बघत ज्यांनी रात्री काढल्यात, त्यांना यावर मी जास्त काही सांगायला नको. माणूस बाहेर राहिला आणि त्याचं नाव मात्र इथल्या प्रत्येक दुकानात खोक्यावर छापलेलं आहे.

आता जरा आपल्याकडे वळू. तुमच्यापैकी किती जणांनी लहानपणी खरी चेरी खाल्ली होती? काश्मीरची चेरी आहे, जुनी आहे. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय की ती अकबराच्या काळात काबूलहून काश्मीरला आणून लावली. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला उन्हाळ्यात तिची छोटी खोकीही यायची. पण सोलापूर-सांगली-नाशिककडच्या मध्यमवर्गीय घरात चेरी म्हणजे बेकरीतल्या पेस्ट्रीवरची, फालूद्यावरची किंवा मसाला पानाला टूथपिकने टोचलेली ती भडक लाल, चिकट, गोड गोळी. ती चेरी नव्हतीच, मंडळी. ते करवंद होतं. कच्ची करवंदं घ्यायची, बी काढायची, मिठाच्या पाण्यात मुरवायची, रंग उडवायचा, मग लाल रंग चढवून साखरेच्या पाकात सोडायची. डोंगरची काळी मैना बिचारी, तिला लाल रंगाचा पोशाख घालून चेरीच्या नावावर उभं केलेलं.

इथल्या लोकांनी हसायचं कारण नाही. अमेरिकेत कॉकटेलवर येणारी मराश्चिनो चेरीही जवळजवळ याच वाटेने जाते. फरक इतकाच की ती निदान चेरी असते. ओरेगनच्या कृषी महाविद्यालयातल्या अर्नेस्ट विगंड यांनी १९२०च्या दशकात कॅल्शियमचे क्षार घालून चेरी खारवण्याची पद्धत बसवली, त्यामुळे फळ मऊ पडेनासं झालं. रंग उडवून पुन्हा चढवायचा प्रकार मात्र दोन्हीकडे सारखाच.

हा उडवलेला रंग लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्या रंगाचीच आहे.

चेरी औषध कधी झाली? १९५० साली टेक्ससच्या एका वैद्यकीय नियतकालिकात लुडविग ब्लाऊ यांनी एक छोटा लेख लिहिला. विषय होता गाउट. पायाच्या अंगठ्याचा सांधा रात्रीतून सुजतो, लाल होतो, चादर लागली तरी माणूस ओरडतो, तो आजार. ब्लाऊ यांना स्वतःलाच गाउट होता, आणि चेरी खाल्ल्याने आपल्याला आराम पडला असं त्यांचं म्हणणं होतं. स्वतःसारखे आणखी रुग्ण धरून त्यांनी १२ जणांची हकीकत दिली. कुणी ताज्या चेरी खात होतं, कुणी डब्यातल्या, कुणी नुसता रस पीत होतं. सगळ्यांना बरं वाटलं. तुलनेसाठी चेरी न खाणारा गट नव्हता, मोजमाप जुजबी होतं. पण १९५० मध्ये गाउटच्या माणसाकडे पर्यायही फारसे नव्हते हे ध्यानात घ्या. अ‍ॅलोप्युरिनॉल ही आज सर्रास दिली जाणारी गोळी अमेरिकेत १९६६ साली मंजूर झाली. त्याआधी कुणी ‘चेरी खा’ म्हटलं तर माणूस खाणारच. या १२ जणांच्या जोरावर चेरीचा आजीबाईच्या बटव्यात प्रवेश झाला आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं विज्ञानाने तिकडे फारसं पाहिलं नाही.

पाहिलं ते मिशिगनने, आणि त्याला कारण बाजार होता. मिशिगनची चेरी वेगळी. ती मॉन्टमोरन्सी जातीची, आंबट, पायमध्ये घालायची. लोक पाय कमी खायला लागले आणि पीक मात्र जोरात यायचं. जास्तीच्या मालाचं करायचं काय हा तिथला कायमचा प्रश्न. सीडर गावचे रे प्लेव्हा नावाचे एक खाटीक चेरी घालून बर्गर करायचे. तो बर्गर मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत तपासायला गेला, तेव्हा मांस लवकर खवट होत नाही असं दिसलं. म्हणजे चेरीत ऑक्सिडेशन रोखणारं काहीतरी आहे. तिथून धागा धरून मुरलीधरन नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेरीतली रंगद्रव्यं वेगळी काढली. ही अँथोसायनिन नावाची कुळी. चेरीत मुख्य असतं सायनिडिन आणि त्याला साखर जोडून बनलेली संयुगं. १९९९ साली त्यांनी दाखवलं की ही द्रव्यं सायक्लोऑक्सिजनेज या एन्झाइमला अडवतात. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन ज्या एन्झाइमला अडवतात, तेच हे.

झालं. ‘वीस चेरी म्हणजे अ‍ॅस्पिरिन’ असे मथळे निघाले. पण हा प्रयोग परीक्षानळीतला होता. तिथे द्रव्य थेट एन्झाइमवर पडतं. पोटात गेलेल्या चेरीतलं अँथोसायनिन आतड्यातून रक्तात अगदी थोडं पोहोचतं, आणि पोहोचेपर्यंत त्याचं रूपही बदलतं. माझ्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. टेस्ट एन्व्हायर्नमेंटवर चाललं म्हणून शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर टाकणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे.

चेरी विकणाऱ्यांनी मात्र ते लगेच प्रॉडक्शनवर टाकलं. रस, कॅप्सूल, सुकवलेल्या चेरी, आणि त्यावर संधिवातापासून कॅन्सरपर्यंतचे दावे. शेवटी ऑक्टोबर २००५ मध्ये एफडीएने २९ कंपन्यांना नोटिसा पाठवल्या. तुम्ही आजार बरा होतो म्हणताय, म्हणजे कायद्याने तुम्ही फळ नाही, मंजुरी नसलेलं औषध विकताय.

याच सुमारास आपल्यापासून दीड-दोन तासांवर, यूसी डेव्हिसच्या आवारातल्या अमेरिकन कृषी खात्याच्या पोषण संशोधन केंद्रात, माणसांवर नीट मोजून काम सुरू झालं होतं. आणि तेही मिशिगनच्या आंबट चेरीवर नाही, कॅलिफोर्नियाच्या बिंगवर. इथे जरा सावकाश जाऊ, कारण तो फॉरवर्ड बहुतेक वेळा याच अभ्यासाचा नातू-पणतू असतो.

२००३ मध्ये रॉबर्ट जेकब आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. १० निरोगी स्त्रिया, वय २२ ते ४०. रात्रभर उपाशी ठेवून सकाळी प्रत्येकीला २८० ग्रॅम बिंग चेरी दिल्या. आधी रक्त घेतलं, नंतर पुन्हा दीड, तीन आणि पाच तासांनी. पाच तासांनी रक्तातलं युरेट २१४ वरून १८३ मायक्रोमोलवर आलं होतं, आणि त्याच वेळी लघवीतून बाहेर पडणारं युरेट वाढलं होतं. म्हणजे आकडा नुसता योगायोगाने खाली आला नव्हता, शरीर खरंच ते बाहेर टाकत होतं. प्रयोग छोटा आहे, पण स्वच्छ आहे.

आता हे आकडे आपल्या लॅबच्या भाषेत आणू. आपल्या रिपोर्टवर युरिक अ‍ॅसिड मिलिग्रॅममध्ये असतं. २१४ म्हणजे सुमारे ३.६ आणि १८३ म्हणजे सुमारे ३.१. युरिक अ‍ॅसिड रक्तात न विरघळता त्याचे स्फटिक व्हायला लागतात साधारण ६.८च्या वर. गाउटच्या रुग्णाला डॉक्टर ६च्या खाली आणायला बघतात. म्हणजे ज्या स्त्रियांवर हा प्रयोग झाला त्यांना गाउटशी काही देणंघेणंच नव्हतं. शिवाय पाळी चालू असण्याच्या वयात इस्ट्रोजेनमुळे स्त्रियांचं युरिक अ‍ॅसिड मुळातच कमी असतं. पंचविशीतल्या निरोगी मुलीचा ३.६चा पाच तासांसाठी ३.१ झाला, यावरून सत्तरीतल्या बाबांच्या ८.५चं काय होईल हे सांगता येत नाही. त्यांची मूत्रपिंडं वेगळी, त्यांच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या वेगळ्या. त्यातल्या पाणी काढणाऱ्या काही गोळ्या तर युरिक अ‍ॅसिड वाढवतात.

२००६ मध्ये त्याच केंद्रातून दर्शन केली आणि सहकाऱ्यांचा पुढचा निबंध आला. १८ निरोगी माणसं, रोज २८० ग्रॅम बिंग, २८ दिवस. यावेळी मोजली ती सूज दाखवणारी द्रव्यं. सीआरपी, जे हल्ली आपल्या फुल बॉडी चेकअपमध्येही असतं, ते २५ टक्क्यांनी उतरलं. कोलेस्टेरॉल, साखर, इन्सुलिन जिथल्या तिथे. मला यातलं दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण फॉरवर्डमध्ये कोलेस्टेरॉलही उतरलेलं असतं.

एमबीएला एक चांगली सवय लागते, आकडा वाचण्याआधी पैसे कुणाचे ते बघायची. डेव्हिसच्या या कामात सरकारी पैशाबरोबर कॅलिफोर्नियाच्या चेरी उत्पादकांच्या मंडळाचाही पैसा होता. निबंधांत तसं उघड लिहिलेलं आहे. त्याने निकाल खोटा ठरत नाही. पण कोणता प्रश्न विचारायचा हे त्याने ठरतं. चेरीवर प्रयोग होतात कारण चेरीमागे मंडळ आहे. करवंदामागे कोण आहे? दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ नावाचं मोठ्या फळाचं करवंद काढलं, तेही घरून-बांधावरून लावायच्या हिशेबाने. बाकी करवंद जाळीत आपलं आपण येतं आणि आदिवासी, धनगर बाया ते द्रोणात घालून घाटात विकतात. त्याच्या काळ्या-जांभळ्या सालीतही अँथोसायनिन आहे. आपल्या कोकमाचा रंग तर मुख्यतः सायनिडिनच्याच दोन संयुगांचा. चेरीतल्या रंगाचं हे सख्खं चुलत भावंड आपण सोलकढीत ढवळून पितो, आणि पित्तावर बरं म्हणून सोडून देतो.

गाउटच्या खऱ्या रुग्णांकडे वळायला २०१२ साल उजाडलं. बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या युकिंग झांग आणि सहकाऱ्यांनी ६३३ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला, तोही इंटरनेटवरून. झटका आला की रुग्णाने आधीच्या दोन दिवसांत काय खाल्लं-प्यायलं ते लिहायचं, आणि झटका नसतानाही मधूनमधून लिहायचं. मग त्याच माणसाच्या चांगल्या आणि वाईट दिवसांची तुलना. दोन दिवसांत चेरी खाल्ली असेल तर झटक्याची शक्यता ३५ टक्क्यांनी कमी दिसली. आणि चेरीबरोबर अ‍ॅलोप्युरिनॉल चालू असेल तर ७५ टक्क्यांनी कमी.

हा ७५चा आकडा फॉरवर्डमध्ये येतो आणि अ‍ॅलोप्युरिनॉल हा शब्द वाटेत गळून पडतो. म्हणजे ज्या अभ्यासाने गोळीसकट चेरी खाणाऱ्यांना सगळ्यात चांगले दिवस दाखवले, तोच अभ्यास गोळी बंद करायला पुरावा म्हणून फिरतोय. शिवाय हे निरीक्षण आहे, प्रयोग नाही. ज्या आठवड्यात माणूस चेरी खातो, त्या आठवड्यात तो कदाचित बिअर आणि मटणही सांभाळून घेत असेल.

मग प्रयोग झाला तो न्यूझीलंडमध्ये, क्राइस्टचर्चच्या लिसा स्टॅम्प यांच्या गटाकडून, २०२० साली प्रसिद्ध झाला. गाउटचे ५० रुग्ण, पाच गट. चार गटांना आंबट चेरीचा आटवलेला रस वेगवेगळ्या प्रमाणात, पाचव्याला नुसतं तसंच दिसणारं पेय. २८ दिवस. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड कुठल्याही गटात हललं नाही. आंबट चेरी आणि बिंग एकच नव्हेत, हे खरं. २८ दिवस थोडे, हेही खरं. पण गाउटच्या माणसाचं युरिक अ‍ॅसिड चेरीने उतरतं, या वाक्याला नेमक्या गाउटच्या माणसांत आधार मिळाला नाही. चेरीने झटके कमी होत असतीलच तर ते सूज शमल्यामुळे असू शकेल. स्फटिक मात्र सांध्यात तसेच राहतील, आणि सांधा झिजवणं चालू ठेवतील.

बाकीचे दावे थोडक्यात उरकतो. झोपेसाठी चेरीचा रस घ्या म्हणतात, त्यामागे इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठाचा २० जणांचा, सात दिवसांचा प्रयोग आहे. झोप थोडी सुधारली. पण ‘चेरीत मेलाटोनिन असतं’ हे कारण फारसं पटत नाही. मॉन्टमोरन्सीत ते ग्रॅममागे १३ नॅनोग्रॅमच्या आसपास आढळलं, म्हणजे १०० ग्रॅममध्ये जेमतेम १.३ मायक्रोग्रॅम. कॉस्टकोत मिळणारी ३ मिलिग्रॅमची गोळी त्याच्या दोन हजार पटींहून मोठी. धावणाऱ्यांसाठी पुरावा जरा बरा आहे. ओरेगनच्या हूड टू कोस्ट शर्यतीत ५४ धावपटूंवर प्रयोग झाला, आंबट चेरीचा रस पिणाऱ्यांचं अंग कमी दुखलं. २०१८ मध्ये डेव्हिसच्याच दर्शन केली आणि सहकाऱ्यांनी माणसांवरचे २९ अभ्यास एकत्र मांडले. सूर एकंदर अनुकूल आहे, पण त्यातले बहुतेक दोन आठवड्यांच्याही आतले. आयुष्यभराच्या आजाराला दोन आठवड्यांचा पुरावा.

तर मग ट्रंकमधल्या दहा पौंडांचं काय? खा की. पण वजनकाटा घेऊन एकदा २८० ग्रॅम चेरी वाटीत काढून बघाच. चाळीसेक चेरी होतात, मोठं काचेचं भांडं भरतं. १०० ग्रॅम गोड चेरीत ६३ कॅलरी आणि १३ ग्रॅमच्या जवळपास साखर असते, म्हणजे डेव्हिसच्या मापाने रोज सुमारे ३६ ग्रॅम, नऊ चमचे साखर. तंतू आणि पोटॅशियमही मिळतं, ते चांगलंच. पण आपल्यातल्या किती घरांत मधुमेह आहे ते आपल्याला माहीत आहे. मधुमेह असलेल्या आईला ‘सांध्यांसाठी’ म्हणून हे भांडं रोज पुढे करू नका. पंधरा-वीस चेरी, जेवणातला भात थोडा कमी करून, अशा हिशेबाने द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियमसाठी डॉक्टरांना विचारा. बाटलीतला आटवलेला रस घेणार असाल तर लेबलवरची साखर वाचा. तंतू त्यात जवळजवळ नसतातच.

आणि अभ्यास बिंगवर झालाय म्हणून बिंगच हवी असेल, तर बागेत विचारून घ्या. ब्रेंटवुडला आधी ब्रुक्स आणि कोरल पिकतात, बिंग त्यांच्यामागून येते. लांब वीकेंडला तुम्ही जे तोडता ते बऱ्याचदा बिंग नसतंच.

राहता राहिली बाबांची गोळी. अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेब्युक्सोस्टॅट चालू असेल तर ती त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. गोळी थांबली की युरिक अ‍ॅसिड काही दिवसांतच पुन्हा चढतं. झटका यायला मात्र आठवडे किंवा महिने लागू शकतात, म्हणून मधल्या काळात चेरीने काम केलं असं वाटत राहतं. तोवर चेरीचा हंगाम संपलेला असतो. सहा महिन्यांचा साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत आणायला सांगा, चेक-इनच्या नव्हे. विमानात पाणी कमी पिणं आणि इथे आल्यावर रोजच्या पार्ट्या, हे दोन्ही झटक्याला आमंत्रण. व्हिजिटर इन्शुरन्स बहुतेक वेळा जुन्या आजाराचा खर्च देत नाही, आणि इमर्जन्सी रूमचं बिल किती येतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराबद्दल काय लिहिलंय ते पान तिकीट काढायच्या आधी वाचा.